वेळापत्रक कोण काढतो? साखळी सामन्यांमागचे साधे गणित

उत्तर नागपुरातल्या एका अभ्यासिकेत मी आठवड्यातून दोन संध्याकाळी मुलांसोबत बसते. तिथल्या चौघांनी मोबाईलवर फॅन्टसी फुटबॉलची छोटी लीग सुरू केली. पैसे लावायचे नाहीत, हरणाऱ्याने समोसे द्यायचे, एवढीच अट. तीन आठवडे झाले आणि भांडण माझ्यापर्यंत आले. "ताई, सगळ्यात जास्त पॉइंट माहे, अन् चॅम्पियन हा कसा काय?"

पोराचे म्हणणे खरे होते, आणि चॅम्पियन झालेल्यानेही काही लबाडी केली नव्हती. मग गडबड कुठे होती? उत्तर वेळापत्रकात आहे. ते समजून घेणे आपल्या कामाचे आहे, कारण वस्तीतल्या स्पर्धांची वेळापत्रके आपणच काढतो.

आधी खेळ समजून घेऊ. फॅन्टसी फुटबॉलमध्ये आपण खऱ्या खेळाडूंमधून आपला संघ निवडतो. त्यांनी खऱ्या सामन्यात जशी कामगिरी केली, तसे आपल्याला गुण मिळतात. समोरासमोरच्या लीगमध्ये दर आठवड्याला एका मित्राशी जोडी लागते आणि ज्याचे गुण जास्त तो जिंकतो. मैदानावर समोरचा संघ तुम्हाला अडवतो. इथे तो तुम्हाला अडवूच शकत नाही. वेळापत्रक कसेही बदला, तुमचे गुण तेच राहतात. म्हणून वेळापत्रकाचा परिणाम इथे अगदी उघडा दिसतो.

चौघांना अ, ब, क, ड म्हणू. आकडे समजायला सोपे करून घेतले आहेत. तीन आठवड्यांचे गुण असे:

अ: ७०, ५८, ५७ (एकूण १८५)
ब: ६५, ४१, ६१ (एकूण १६७)
क: ४०, ५०, ६६ (एकूण १५६)
ड: ३०, ६२, ३९ (एकूण १३१)

पहिल्या आठवड्यात अ-ब आणि क-ड, दुसऱ्यात अ-ड आणि ब-क, तिसऱ्यात अ-क आणि ब-ड अशा लढती लागल्या. पडताळून पाहा. क तिन्ही लढती जिंकतो आणि बाकी तिघांच्या वाट्याला एकेक विजय येतो. गुणांत तिसरा असलेला क चॅम्पियन होतो.

आता फक्त दुसऱ्या आणि तिसऱ्या आठवड्याच्या जोड्यांची अदलाबदल करा. गुणांना हात लावू नका. आता अ तिन्ही लढती जिंकतो, क दोन, ड एक, आणि ब ला एकही विजय नाही!

अशी वेळापत्रके एकूण किती? चार जणांच्या दोन-दोन जोड्या तीनच प्रकारे लागतात. हे तीन प्रकार तीन आठवड्यांत कोणत्याही क्रमाने ठेवता येतात, म्हणजे ३ × २ × १ = ६ वेळापत्रके. सहाही मांडून पाहिली तर अ चे विजय दोनदा ३, दोनदा २ आणि दोनदा १ येतात. क चे विजय ३ पासून १ पर्यंत आणि ब चे २ पासून शून्यापर्यंत बदलतात. ड ला मात्र सहाही वेळा एकच विजय मिळतो.

चारांचे सहा झाले की गणित फुगते, आणि त्यात एक खड्डाही आहे. त्या खड्ड्यात मी स्वतः पडले आहे. वस्तीतल्या सहा संघांच्या स्पर्धेचे वेळापत्रक मी हाताने काढत होते. पाच दिवसांत प्रत्येकाने प्रत्येकाशी एकदा खेळायचे होते. तीन दिवसांच्या जोड्या नीट लागल्या, चौथ्या दिवशी काही केल्या लागेनात. माझेच काही चुकले असे वाटून मी सगळे खोडले. चूक बेरीज-वजाबाकीची नव्हती.

पाहा. सहा संघांच्या तीन जोड्या १५ प्रकारे लागतात: पहिल्या संघाला ५ प्रतिस्पर्धी शक्य, उरलेल्या चौघांच्या जोड्या ३ प्रकारे, ५ × ३ = १५. पहिल्या दिवशी यातला एक प्रकार निवडला की दुसऱ्या दिवशी एकही लढत पुन्हा न येणारे ८ प्रकार उरतात. तिसऱ्या दिवशी ४ उरतात, पण त्यातला एक फसवा असतो. तो निवडला तर मागे तीन-तीन संघांचे दोन गट राहतात आणि गटातल्या तिघांचे एकमेकांशी सामने बाकी असतात. तिघांच्या जोड्या लावल्या की एक जण सुटाच राहतो, म्हणून चौथा दिवस पूर्ण भरत नाही. म्हणजे तिसऱ्या दिवशी खरे पर्याय ३, चौथ्या दिवशी २, पाचव्या दिवशी १. गुणाकार करा: १५ × ८ × ३ × २ × १ = ७२० वेळापत्रके.

आठ संघांना हाच आकडा ३ कोटी १४ लाख ४९ हजार ६०० होतो. २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग सुरू झाली तेव्हा तिच्यात मुंबई आणि पुण्यासह आठच संघ होते. त्यांच्या एका फेरीचे २८ सामने सात टप्प्यांत मांडायचे इतके मार्ग! दहा संघांना तर सुमारे ४४४ लाख कोटी.

मग आपल्या चौघांचा न्याय कसा करायचा? मोठा ग्रुप असेल तर कोट्यवधी वेळापत्रके कोण तपासणार? तपासायची गरजच नाही. दर आठवड्याला प्रत्येकाची तुलना बाकी सगळ्यांशी करा आणि त्याचे गुण किती जणांपेक्षा जास्त आहेत ते मोजा. अ ने पहिल्या आठवड्यात तिघांना, दुसऱ्यात दोघांना, तिसऱ्यात एकाला मागे टाकले, एकूण ६. याच रीतीने क चे ५, ब चे ४, ड चे ३ येतात. या बेरजेला प्रतिस्पर्ध्यांच्या संख्येने, इथे ३ ने, भागा. अ चे २ विजय, क चे १.६७, ब चे १.३३, ड चा १. सहाही वेळापत्रकांची सरासरी काढली तरी नेमके हेच आकडे येतात. म्हणजे अ चे नशीब वाईट होते, पण क काही फुकट वर आला नाही. सरासरीतही तो ब च्या पुढेच आहे. हा कागद मी दोघांसमोर ठेवला. समोसे शेवटी अर्धे-अर्धे झाले.

खऱ्या मैदानावर प्रश्न जास्त नाजूक असतो. २००१ मध्ये हिस्लॉप कॉलेजचे क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी नागपुरात झोपडपट्टीतल्या मुलांना घेऊन फुटबॉल सुरू केला. तेच काम 'स्लम सॉकर' नावाने ओळखले जाते, आणि नागराज मंजुळे यांच्या 'झुंड' (२०२२) या चित्रपटामुळे ते घराघरांत पोचले. आपल्या वस्त्यांत फुटबॉल आहेच. पण कोणाचा गोलकीपर परीक्षेला बसला आहे, कोणाचे दोन खेळाडू कामासाठी बाहेरगावी आहेत, हे सगळ्यांना माहीत असते. अशा वेळी कोणाची लढत कधी लावायची हे ठरवणाऱ्याच्या हातात मोठी ताकद असते. समितीने घरी बसून वेळापत्रक काढले आणि ते अगदी प्रामाणिकपणे काढले, तरी हरलेल्या संघाला ते सिद्ध करून कसे दाखवणार? ३ कोटींतून हेच एक का निवडले, याला समितीकडे उत्तर नसते.

म्हणून कार्यकर्त्यांना माझे सांगणे असे. आधी संघांची नावे बाजूला ठेवून फक्त आकड्यांचे वेळापत्रक काढा. सहा संघ असतील तर वरच्या ओळीत १, २, ३ आणि त्यांच्याखाली ६, ५, ४ लिहा. वर-खालचे आकडे एकमेकांशी खेळतील. दुसऱ्या दिवसासाठी १ जागेवर ठेवा आणि बाकीचे घड्याळाच्या दिशेने एक-एक घर सरकवा: वर १, ६, २ आणि खाली ५, ४, ३. असेच पाच दिवस करा. कुठेही अडत नाही आणि एकही लढत दोनदा येत नाही. आठ किंवा दहा संघांनाही हीच रीत चालते. संघ विषम असतील तर एक रिकामा आकडा धरा. ज्याची त्याच्याशी जोडी येईल, त्याला त्या दिवशी विश्रांती.

हा कागद भिंतीवर लावा. त्यानंतर सगळ्या कप्तानांसमोर चिठ्ठ्या टाका आणि वस्तीतल्या एखाद्या लहान मुलीला उचलायला सांगा. ज्याला जो आकडा मिळेल तो त्याचा. दिवसांचा क्रमसुद्धा चिठ्ठीनेच ठरवा. निकालाआधी वेळापत्रक, आणि नावांआधी आकडे, एवढे पाळले तरी पुरे.

नशीब तरीही राहीलच. एखादा चांगला संघ चिठ्ठीमुळे मागे पडेल. पण त्याच्या कप्तानाने चिठ्ठी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली असेल, आणि तो पुढच्या वर्षी पुन्हा संघ घेऊन येईल.