जेवायला जाताना किती उंच उडावे?

समजा, तुमच्या मित्राकडे विमान चालविण्याचा परवाना आहे आणि रविवारी सकाळी तो म्हणतो, "चल, आज बेटावर जेवू!" अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर असे बेत नेहमी ठरतात. लहान विमान भाड्याने घ्यायचे, कुठेतरी उतरून खायचे आणि परत यायचे. विमानाचे भाडे आणि पेट्रोल धरता हा घास इतका महाग पडतो, की तिकडचे हौशी वैमानिक त्याला 'शंभर डॉलरचा हॅम्बर्गर' म्हणतात!

लॉस एंजेलिसजवळच्या टॉरन्स विमानतळावरून कॅटलिना बेट गाठायचे आहे. बेटावरचा विमानतळ डोंगरमाथ्यावर, समुद्रसपाटीपासून ४८८ मीटर उंच आहे. दोन टेकड्यांचे माथे कापून मधली दरी भरली आणि त्यावर सुमारे ९१० मीटर लांबीची धावपट्टी केली. तेथल्या उपाहारगृहाचा बायसनच्या मांसाचा बर्गर वैमानिकांत प्रसिद्ध आहे. विमान आपले चार आसनांचे सेसना १७२. जगात सर्वाधिक संख्येने बनलेले विमान हेच. अंतर ४५ किलोमीटर, वेग ताशी सुमारे २०० किलोमीटर. म्हणजे पाव तासाचे काम.

मग मित्र उड्डाण केल्यावर किनाऱ्यावरच घिरट्या घालीत वर का चढतो आहे? पोटात कावळे ओरडत असताना हा उशीर कशाला?

कारण पुढे पाणी आहे, आणि इंजिन एकच.

इंजिन बंद पडले तर विमान दगडासारखे कोसळत नाही. पंख न हलविता खाली येणारी घार तुम्ही पाहिली असेल. विमानही तसेच हवेतून घसरत येते. सेसना १७२ ताशी १२० किलोमीटरच्या आसपास वेग राखून, वारा नसताना, एक मीटर उंची गमावून नऊ मीटर पुढे जाते. उंची म्हणजे साठवलेली स्थितिज ऊर्जा. इंजिन थांबल्यावर शिल्लक राहते ती एवढीच.

आता वही काढा. शेवटच्या किनाऱ्यापासून बेटावरच्या धावपट्टीपर्यंत ३७ किलोमीटर आहेत. निम्म्यावर, साडेअठरा किलोमीटरवर, सर्वांत धोका, असे वाटते ना? तसे नाही. किनारा समुद्रसपाटीवर आहे, पण धावपट्टी जवळजवळ अर्धा किलोमीटर वर. किनाऱ्यापासूनचे अंतर 'क्ष' आणि उंची 'उ' किलोमीटरमध्ये मानू. मागे फिरायचे तर क्ष = ९उ; पुढे जायचे तर ३७ − क्ष = ९(उ − ०.४८८). बेरीज करा. उ येते २.३ आणि क्ष सुमारे २१. म्हणजे निदान २,३०० मीटर उंची हवी, आणि निर्णयाची जागा २१ किलोमीटरवर: त्याआधी इंजिन गेले तर मागे, नंतर गेले तर पुढे. विमान वळवण्यात उंची जाते, म्हणून शहाणा वैमानिक २,६०० मीटर धरतो. एवढे चढायला पाव तासाहून अधिक लागतो. खुद्द प्रवासाइतकाच!

हे सारे आधी ठरलेले असावे लागते. घसरत येताना मिनिटाला सुमारे २२० मीटर उंची जाते, म्हणजे दोन किलोमीटरची पोहोच. 'मागे की पुढे' हा विचार तेव्हा सुरू करणे परवडणारे नाही. ते मिनिट पेट्रोलची झडप, प्रज्वलनाची कळ तपासून इंजिन पुन्हा सुरू करण्यासाठी असते. शिवाय तरंगते जाकीट दोघांनीही आधीच अंगात घातलेले बरे.

आता वारा घ्या. समजा तो बेटाकडून किनाऱ्याकडे ताशी ३० किलोमीटरने वाहतो आहे. मग किनाऱ्याकडे घसरताना नऊऐवजी सव्वाअकरा मीटर मिळतात, बेटाकडे जाताना पावणेसातच. समीकरण पुन्हा सोडवा. उंची जवळपास तीच येते, निर्णयाची जागा मात्र २५ किलोमीटरवर सरकते! मला स्वतःला हे गणित करीपर्यंत ते खरे वाटले नव्हते.

जेवण झाले. आता दोघे जड झालात. परतताना विमान कमी दूर घसरेल का? नाही. घसरताना वजनाचाच एक भाग विमानाला पुढे ओढतो. वजन वाढले की ही ओढ वाढते, वेग वाढतो, आणि वेगाबरोबर उचलणारे बल व हवेचा रोध एकाच प्रमाणात वाढतात. त्यांचे गुणोत्तर नऊच राहते. जड विमान तितकेच दूर जाते, पण लवकर पोहोचते. (जड विमानाला धावपट्टी मात्र जास्त लागते, हे विसरू नका.)

पटत नसेल तर कागदी विमान करा. जिन्यावरून वारा नसताना दहादा सोडा, अंतर आणि वेळ मोजा. मग त्याला टाचणी लावा, पण जिथे बोटावर ते तोलून राहते तिथेच. नाकाशी लावाल तर ते सूर मारील आणि प्रयोग फसेल. जड विमानाला जरा जोराने सोडावे लागेल. का, ते तुम्हीच शोधा.