वानराच्या पोटातलं आंबवण

सुलतानपूरच्या शिवारात बबून दिसणार नाही; तो आफ्रिकेचा आणि अरबस्तानच्या टोकाचा. त्याचा आपल्याकडचा नातलग मात्र शेतकऱ्याच्या चांगल्या ओळखीचा आहे: काळ्या तोंडाचं, राखाडी अंगाचं, धडापेक्षा लांब शेपटीचं वानर. शेजारी लोणारच्या विवरातल्या झाडीतही त्याच्या टोळ्या आहेत.

बबूनच्या आणि लाल तोंडाच्या माकडाच्या गालांत पिशव्या असतात. मिळेल ते कोंबायचं, पळायचं, मग सावकाश चावायचं. वानराला ही सोय नाही. त्याची सगळी करामत पोटात. त्याच्या जठराला कप्पे असतात आणि पुढच्या कप्प्यांतले जिवाणू पाला आंबवून त्यातले चिवट तंतू फोडतात. गाईच्या पोटात होतं तसंच, पण गाईसारखं निवांत रवंथ मात्र नाही. म्हणून वड-पिंपळाची पानं, उंबरं, चिंचा, बाभळीच्या शेंगा यांवर त्याचं भागतं. तुरीच्या कोवळ्या शेंगा दिसल्या की त्याही सोडत नाही, आणि शेतकऱ्याची रात्रंदिवसाची मेहनत जाते, हेही खरं.

आंबवायला वेळ लागतो. दुपारभर फांदीवर पाय सोडून बसलेलं वानर आळशी नसतं, त्याच्या आत काम चालू असतं. अशा पोटात बिस्किटं आणि फरसाण गेलं की पीठ-साखर झपाट्याने आंबते आणि आतलं गणित बिघडतं. देवळापाशी भक्तीने पुढे केलेला बिस्किटाचा पुडा म्हणूनच मला बघवत नाही.

टोळी असते माद्यांची. मुली जन्मल्या टोळीतच राहतात. मुलगे मोठे झाले की बाहेर पडतात आणि नरांच्या वेगळ्या टोळीत फिरतात. पुष्कळदा माद्यांच्या टोळीत मोठा नर एकच, तोच हुप्प्या. पिल्लू जन्मतं ते गडद रंगाचं, आईपेक्षा अगदी निराळं. पहिल्या दिवसापासून ते मावश्यांच्या हातांतून फिरतं, तेवढ्यात आई पोटभर खाऊन घेते.

बाहेरचा नर हुप्प्याला हुसकून लावतो तेव्हा पिल्लांवर संकट येतं. 1960च्या दशकात धारवाडजवळ संशोधक युकिमारू सुगियामा यांनी नवा नर तान्ह्या पिल्लांना मारतो, हे नोंदवलं. पिल्लू गेलं की आई लवकर माजावर येते आणि नव्या नराला स्वतःची संतती मिळते. सारा हर्डी यांनी पुढे अबूच्या डोंगरात हेच अभ्यासलं. तिथे त्यांनी दुसरंही पाहिलं: म्हाताऱ्या माद्या दुसरीच्या पिल्लासाठी त्या नरावर धावून जात होत्या, तो त्यांच्याहून खूप जड आणि लांब सुळ्यांचा असूनही.