आधी हिरडी, मग चकाकी

दाताचा जेवढा भाग तोंडात दिसतो, त्याहून मोठा भाग हिरडीखाली जबड्याच्या हाडात रुतलेला असतो. वर दिसणारे इनॅमल हे शरीरातील सर्वांत कठीण द्रव्य. पण एकदा गेले की ते पुन्हा तयार होत नाही. खाली मुळाला हाडाशी बांधून ठेवणारे तंतू, ते हाड आणि त्यावरची हिरडी हा दाताचा आधार. चिऱ्याच्या घराचे जोतेच खचले, तर भिंतींना रंग काढून उपयोग नसतो; तसेच दाताचे आहे. म्हणून दंतोपचारांचा क्रम ठरलेला असतो : आधी हिरडी, मग कीड, मग गेलेल्या दाताची भरपाई आणि सर्वांत शेवटी रंगरूप.

हिरड्यांचे दुखणे

दात घासल्यावर काही तासांतच त्यांवर जंतूंचा चिकट थर बसू लागतो. तो रोज निघाला नाही, तर लाळेतल्या क्षारांमुळे टणक होतो. हेच कीटण, ते ब्रशने निघत नाही. हिरडी सुजते, लाल होते, घासताना रक्त येते. डेन्मार्कमध्ये हॅराल्ड लो यांनी 1965 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात निरोगी तरुणांनी दात घासणे थांबवले, तेव्हा तीन आठवड्यांच्या आत सर्वांच्या हिरड्या सुजल्या. घासणे पुन्हा सुरू होताच त्या सुधारल्या. या टप्प्यावर आजार पूर्ण बरा होतो.

दुर्लक्ष झाले की सूज खाली उतरते आणि हाड झिजू लागते. लोक ज्याला पायरिया म्हणतात तो हाच. दंतवैद्य खुणा केलेली बारीक सळई दात आणि हिरडी यांच्या फटीत घालून खोली मोजतात : 1 ते 3 मिलिमीटर ठीक, त्याहून खोल फट म्हणजे आजाराची शंका. झिजलेले हाड बहुधा परत मिळत नाही. झीज थांबवता येते. दुखत नाही म्हणून रुग्ण येत नाही, आणि दात हलू लागल्यावर येतो तेव्हा उशीर झालेला असतो. मधुमेहात हा आजार बळावतो आणि हिरड्यांची सूज साखर आटोक्यात येऊ देत नाही. गरोदरपणातही हिरड्या लवकर सुजतात.

माड-पोफळीच्या बागा असलेल्या बांदा-सावंतवाडी पट्ट्यात या दुखण्याला दोन सवयींची जोड मिळते. पहिली मशेरी. भाजलेल्या तंबाखूची ही काळी पूड बोटाने दातांवर घासली जाते. ‘मशेरीशिवाय पोट साफ होत नाही’ असे म्हटले जाते, ते निकोटिनच्या व्यसनामुळे. घासण्याच्या जागी हिरडी मागे सरते, मूळ उघडे पडते, दाताच्या मानेशी खाच तयार होते आणि थंड पाण्याने कळ येते. दुसरी सवय सुपारीची. सुपारी माणसात कर्करोगकारक असल्याचा निर्वाळा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 2004 मध्ये दिला. सुपारीने गालाचे अस्तर ताठर होते आणि तोंड उघडेनासे होते. तीन बोटे उभी धरून तोंडात जात नसतील, तर तपासणी करून घ्यावी. महाराष्ट्रात गुटख्यावर 2012 पासून बंदी आहे; सुपारी आणि मशेरी मात्र घरोघरी राहिली.

हिरड्यांचा पहिला उपचार म्हणजे स्केलिंग. कंप पावणाऱ्या टोकाने, पाण्याच्या फवाऱ्यात कीटण सुटे केले जाते. ‘दात साफ केले की हलतात’ हा समज सर्वत्र आहे. खरे तर कीटणाने बुजलेली फट ते निघाल्यावर दिसते आणि जुना सैलपणा जाणवतो. खोल फटींसाठी मुळे साफ करावी लागतात, क्वचित हिरडी उघडून शस्त्रक्रिया करावी लागते.

कीड आणि रूट कॅनाल

साखरेवर वाढणारे जंतू आम्ल तयार करतात आणि इनॅमल विरघळते. कीड वरवर असताना ती कोरून भरणे पुरते. पूर्वी चांदी भरत, म्हणजे पाऱ्याचे मिश्रण. आता दाताच्या रंगाचे कॉम्पोझिट रुळले आहे. ते निळ्या प्रकाशाने घट्ट होते. कीड आतल्या नसेपर्यंत गेली की दाढ रात्री ठणकते. मग रूट कॅनाल : नस काढून पोकळी साफ करतात आणि गटापर्चा या रबरासारख्या द्रव्याने भरतात. असा दात ठिसूळ झालेला असतो. म्हणून दाढेवर सहसा कॅप बसवतात. ठणका थांबला म्हणून कॅप टाळली, तर दाढ उभी चिरण्याचा धोका राहतो.

गेलेला दात

फट रिकामी ठेवली की शेजारचे दात कलतात. काढघालीची कवळी स्वस्त पडते. ब्रिजसाठी दोन्ही बाजूंचे दात घासावे लागतात. इम्प्लांटमध्ये टायटॅनियमचा स्क्रू हाडात बसवतात. स्वीडनचे पेर-इंगव्हार ब्रोनेमार्क यांनी 1965 साली पहिल्या रुग्णावर हा उपचार केला. हाड स्क्रूला धरायला काही महिने लागतात. तंबाखू आणि आटोक्यात नसलेली साखर हे त्याचे शत्रू. बाजारात बसून शेजारच्या दातांना चिकटवून दिलेला दात स्वच्छ करता येत नाही आणि खालची हिरडी सडवतो. नोंदणीकृत दंतवैद्यांखेरीज इतरांना हा व्यवसाय करण्यास कायद्याने मनाई आहे.

रंगरूप

मशेरी, चहा आणि विड्याचे डाग बाहेरचे असतात. ते स्केलिंग-पॉलिशने जातात. आतला पिवळेपणा पेरॉक्साइडच्या ब्लीचिंगने उजळतो. पण कॅप आणि भरलेले सिमेंट उजळत नाही, म्हणून ब्लीचिंग आधी आणि समोरच्या दातांची नवी कामे नंतर करतात. काही दिवस दात शिवशिवतात. चंद्रपूर, यवतमाळमधील फ्लोराइडच्या पाण्याने पडलेले गडद डाग ब्लीचिंगला नेहमी दाद देत नाहीत. तिथे पुढच्या दातांवर व्हिनिअर हे पातळ कवच चिकटवतात. त्यासाठी घासलेले इनॅमल परत येत नाही. सुजलेल्या हिरडीवर मात्र यातले काहीच टिकत नाही.

रोजची निगा

मऊ ब्रश हिरडीच्या कडेशी तिरका धरून, फ्लोराइडच्या पेस्टने दिवसातून दोनदा दात घासावेत. रात्रीचे घासणे चुकवू नये. राखुंडी, कोळसा आणि जाड मीठ इनॅमल खरवडतात. कैरी किंवा कोकमाचे आगळ घेतल्यावर चूळ भरून अर्धा तास थांबावे, कारण आंबलेल्या दातांवर लगेच ब्रश फिरवल्याने झीज वाढते. बांद्याहून पत्रादेवीमार्गे गाठता येणारे बांबोळीचे गोवा दंत महाविद्यालय 1980 मध्ये सुरू झाले; शस्त्रक्रिया आणि इम्प्लांटसारख्या कामांचे तज्ज्ञ अशा ठिकाणी एका छताखाली भेटतात. साध्या तपासणीसाठी गावातला दंतवैद्य पुरतो. ती सहसा दर सहा महिन्यांनी, मधुमेही आणि तंबाखू खाणाऱ्यांनी त्याहून लवकर करावी. कॅप आणि इम्प्लांट यांना कीड लागत नाही, पण त्यांच्या कडेची हिरडी सुजू शकते. म्हणून उपचार संपले तरी ही निगा सुटत नाही.