वहीतले शेरे कमी होतात तेव्हा

ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये कंपन्या सुटायच्या वेळी रोड नंबर 22 वर रिक्षा जागच्या हलत नाहीत. त्याच सुमारास आतल्या एका मैदानावर कबड्डीचा सराव सुरू होतो. तिथले सर फर्स्ट शिफ्ट करून येतात. त्यांची हजेरीची वही मी पाहिली आहे. जूनच्या पानांवर प्रत्येक मुलाच्या नावापुढे बारीक अक्षरात काहीतरी लिहिलेलं असायचं: 'बोनस घ्यायला घाबरतो', 'डावा गुडघा, शेकायला सांगितलं', 'घरी आजी आजारी'. दिवाळीनंतर शेरे तुटक झाले. जानेवारीत नुसतं 'हजर' किंवा 'गैर'. सरांचा एक दिवसही खाडा नव्हता, म्हणून आम्हा कुणाच्या काही लक्षात आलं नाही.

कोच कोलमडला म्हणजे तो मैदानावर यायचा बंद होईल, अशी आपली समजूत असते. बहुतेक जण येत राहतात. जिल्हा स्पर्धा तोंडावर असतात, मुलांच्या क्रीडागुणांचा प्रश्न असतो, पालक वाट बघत असतात. सर येतात, शिट्टी वाजवतात, तोच वॉर्मअप, त्याच चढाया. अशा कोलमडण्याला बर्नआउट म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये त्याची व्याख्या केली. कामाच्या ठिकाणचा ताण दीर्घकाळ आटोक्यात न आल्याने उद्भवणारी ही अवस्था आहे आणि तिची तीन अंगं आहेत: शक्ती संपल्यासारखी वाटणं, कामापासून मन तुटणं किंवा त्याविषयी कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असं वाटणं. संघटनेने तिला आजार म्हटलेलं नाही, कामाशी जोडलेली अवस्था म्हटलं आहे. हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण मग 'सरांना काय झालंय' एवढंच विचारून भागत नाही, 'सरांच्या कामाचं आपण काय करून ठेवलंय' हेही विचारावं लागतं.

'चार दिवस गावी जाऊन आले की ताजेतवाने होतील' हा त्यामुळेच अर्धवट उपाय आहे. दमणूक विश्रांतीने जाते. पण परत आल्यावर तीच शिफ्ट, तीच चाळीस मुलं, रात्री अकराला 'माझ्या मुलाला सातात का नाही घेतलं' हा तोच मेसेज असेल, तर गावचं बळ आठवडाभरसुद्धा पुरत नाही.

दुसरा गैरसमज मायेपोटी होतो. 'ज्याला खेळाचं वेड आहे त्याला कसला थकवा!' मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉयडेनबर्गर यांनी 1974 मध्ये या अवस्थेवर लिहिलं, ते न्यूयॉर्कच्या एका मोफत दवाखान्यातल्या कार्यकर्त्यांना पाहून. मनापासून राबणारी माणसंच तिथे विझत होती, आणि ते स्वतःही त्यांच्यात होते. आपल्याकडच्या मैदानांवर जवळपास फुकट शिकवणारे सर याच जातीचे. वेड आहे म्हणून ते कुठे थांबायचं ते ठरवत नाहीत, आणि आपणही त्यांना थांबवत नाही.

हरणाऱ्यांनाच हे होतं असंही नाही. जर्मन फुटबॉल प्रशिक्षक राल्फ रांगनिक यांच्या शाल्के संघाने मे 2011 मध्ये जर्मन कप जिंकला. त्याच सप्टेंबरमध्ये शक्ती उरली नाही असं सांगून त्यांनी पद सोडलं. पुढच्या वर्षी ते वेगळ्या जबाबदारीवर परतले आणि नंतर पुन्हा प्रशिक्षकही झाले.

मदत घ्यायला मात्र आपल्याकडे पाय अडखळतो. प्रादेशिक मनोरुग्णालय याच वागळे इस्टेटच्या भागात, 1901 पासून आहे, आणि 'ठाण्याला पाठवा' ही थट्टा महाराष्ट्रभर चालते. त्या थट्टेने किती जणांचं तोंड बंद केलं असेल! तिथे बाह्यरुग्ण विभाग आहे. दाखवून, बोलून माणूस घरी येतो. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतवाहिनीच्या 14416 या क्रमांकावर दिवसरात्र, मराठीतही बोलता येतं. बर्नआउट कामाभोवती फिरतं. पण घरीही कशातच जीव रमत नसेल, झोप-भूक उडाली असेल किंवा जगणं नको वाटत असेल, तर ते नैराश्य असू शकतं. तेव्हा डॉक्टरांकडे जाण्यात एक दिवसही दवडू नये. सततच्या थकव्यामागे थायरॉइड, रक्तक्षय किंवा साखर नाही ना, हेही तपासून घ्यावं.

ओळखायचं कसं? नावाने हाक मारणारे सर 'ए, तू' म्हणू लागतात. चुकलेली पकड दाखवून देण्याऐवजी ओरडतात, किंवा ओरडतही नाहीत. ही दुसरी खूण जास्त काळजीची. शांत झालेत म्हणून पालक खूश असतात, आणि सरांचं लक्षच उडालेलं असतं.

या विषयावर आयुष्यभर काम केलेल्या क्रिस्टिना मास्लाक आणि मायकल लायटर यांनी बर्नआउटची मुळं सहा जागी दाखवली: कामाचा बोजा, स्वतःच्या कामावरचा ताबा, मोबदला, सोबत, न्याय आणि मूल्यं. यातलं एकही कोचला एकट्याने दुरुस्त करता येत नाही. म्हणूनच 'योगा करा, सर' हा सल्ला ऐकला की मला वाईट वाटतं. मानधन ठरल्या तारखेला देणं, संघनिवडीत समितीने नाक न खुपसणं, हे मंडळाचं काम.

आमच्याकडे आता मंगळवार आणि गुरुवार एक जुना खेळाडू सराव घेतो. पालकांशी बोलणं शनिवारी अर्धा तास, मैदानावरच. रात्रीचे मेसेज बंद. मंगळवारी सर घरी थांबतात. पहिले दोन मंगळवार ते तरीही आले, कुंपणाबाहेर उभे राहिले. तिसऱ्या मंगळवारी आले नाहीत. परवा वही पुन्हा पाहिली. एका नावापुढे लिहिलं होतं: 'डाव्या कोपऱ्यात उभा करून बघू.'