सांगोल्याचे आबा आणि अकराचा पाढा

एसटीच्या लाल डब्यात एका सीटवर ‘आमदारांसाठी राखीव’ असं रंगवलेलं असतं. अक्षरं निम्मी उडालेली, आणि सीटवर बहुधा कुणाच्या तरी मेथीच्या जुड्या. त्या सीटवर खराखुरा आमदार बसलेला पाहायचा, तर सांगोल्याला जायला हवं होतं. गणपतराव देशमुख, म्हणजे तालुक्याचे आबासाहेब, एसटीनंच फिरत. हल्लीच्या आमदारांच्या गाड्यांचे ताफे पाहिले की ती सीट अजून का राखून ठेवलीय, असा प्रश्न पडतो.

आता आकडे. १९६२ ला पहिला विजय, २०१४ ला अकरावा. मतदारसंघ एकच, सांगोला. पक्ष एकच, शेतकरी कामगार पक्ष. पक्ष आक्रसत गेला, पण आबा काही हलले नाहीत. मधल्या काळात महाराष्ट्रात किती जणांनी किती झेंडे बदलले, ते मोजायला वेगळा पुरवणी अंक काढावा लागेल.

विक्रमाच्या शर्यतीत दक्षिणेकडची मंडळी पुढे आहेत, हे मान्य. तमिळनाडूचे करुणानिधी तेरा वेळा जिंकले आणि कधीच हरले नाहीत. पण त्यांनी मतदारसंघ बदलले. केरळचे के. एम. माणी पाला मतदारसंघातून तेरा वेळा निवडून आले. त्यांनी मतदारसंघ सोडला नाही, पण त्यांचा केरळ काँग्रेस इतक्या वेळा फुटला, की हिशेब ठेवणाऱ्याची वही संपावी. शिवाय त्यांच्या तेरांतला पहिला विजय १९६५ चा, आणि त्या वर्षी निवडून आलेली केरळची विधानसभा कधी भरलीच नाही!

आबा मात्र हरलेही. दोनदा. १९७२ ला पडले. मग निवडून आलेल्या आमदारांच्या निधनामुळे १९७४ ला पोटनिवडणूक लागली आणि आबा परत सभागृहात. १९९५ ची हार जास्त झोंबणारी. फरक फक्त १९२ मतांचा! एखाद्या वाडीचं मतदान इकडचं तिकडे झालं तरी निकाल फिरला असता. हरवणारे कोण? शहाजीबापू पाटील. हो, तेच! २०२२ ला गुवाहाटीच्या हॉटेलातून फोनवर ‘काय झाडी, काय डोंगार, काय हाटील’ म्हणणारे. पुढच्या निवडणुकीत, १९९९ ला, आबांनी जागा परत घेतली.

मंत्रिपद दोनदा मिळालं: १९७८ ला शरद पवारांच्या पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकारात आणि १९९९ ला विलासराव देशमुखांच्या. दोन्ही खुर्च्या अल्पायुषी. दुसऱ्या वेळी रोजगार हमीचं खातं त्यांच्याकडे होतं. बाकी बहुतेक हयात विरोधी बाकावर गेली. दुष्काळी तालुक्याच्या आमदाराकडे रोजगार हमी, यात एक चपखलपणा आहे. खडी फोडायला गेलेली माणसं त्याच्या ओळखीची असतात.

पाण्याचा विषय तर आबांच्या हाडीमांसी भिनलेला. आटपाडीला दुष्काळी तालुक्यांची पाणी परिषद भरायची. क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी आणि आबा दोघंही त्या लढ्यातले. कृष्णेचं पाणी उचलून माणदेशात न्यायचं, हा हट्ट. आपल्याकडे पाणी योजनांना गळती कालव्यात लागायच्या आधी फायलीत लागते, त्यामुळे मागणी वर्षानुवर्षं तीच. सांगोल्यात सूतगिरणी उभी करण्यातही आबा पुढे होते.

२०१९ ला नव्वदी ओलांडलेले आबा लढले नाहीत, नातू डॉ. अनिकेत उभे राहिले आणि ७६८ मतांनी पडले. समोर पुन्हा शहाजीबापूच! ३० जुलै २०२१ ला सोलापुरात आबा गेले. २०२४ ला दुसरे नातू डॉ. बाबासाहेब देशमुख शेकापकडून उभे राहिले, समोर तेच बापू. या खेपेला सांगोल्यानं बापूंना घरी पाठवलं.