नकाशातील रेघ आणि कैचीचा सांधा

विहाराला लागून सभागृह बांधायचे ठरले, की अनेक गावांत विटांच्या भिंती, लोखंडी अँगलच्या कैच्या आणि वर पत्रे असेच काम होते. त्याचा नकाशा आता ऑटोकॅडमध्ये निघतो व मजबुतीचा हिशेब स्टाड प्रोसारख्या प्रोग्रॅमवर होतो. चंद्रपूर-गडचिरोलीतील आपले अभियांत्रिकीचे विद्यार्थी दोन्ही हाताळतात. गोंधळ होतो तो नकाशातील सांगाडा हिशेबाच्या प्रोग्रॅममध्ये नेताना.

नेण्याचे साधन म्हणजे डीएक्सएफ फाईल. ती ऑटोकॅडसोबत 1982 साली आली; गडचिरोली जिल्हा वेगळा झाला तेही हेच वर्ष. नोटपॅडमध्ये उघडून पाहा. प्रत्येक रेघेसाठी 10, 20, 30 या क्रमांकांखाली एका टोकाचे स्थान आणि 11, 21, 31 खाली दुसऱ्या टोकाचे स्थान लिहिलेले असते. हिशेबाला एवढेच हवे असते. म्हणून अँगलची जाडी दाखवणाऱ्या दुहेरी रेघा, मापे, अक्षरे बाजूला ठेवून प्रत्येक दांडीची एकच मध्यरेषा वेगळ्या लेयरवर काढावी.

आता 12 मीटर रुंद आणि मध्यावर 2 मीटर उंच अशी कैची घ्या. नकाशा काढणारा वरची तिरपी दांडी वळचणीपासून शेंड्यापर्यंत एका रेघेत ओढतो. आतल्या दांड्या तिला मध्ये टेकतात. डोळ्यांना जोड दिसतो, पण प्रोग्रॅम सांधा धरतो तो रेघेच्या टोकांवरच. त्यामुळे आतली दांडी हिशेबात लोंबकळत राहते, तिच्यातील बल शून्य येते. प्रोग्रॅम अस्थिरतेचा इशारा देतो आणि पुढे आकडेही छापतो. पुष्कळ जण इशारा न वाचता आकडे उतरवून घेतात. उपाय साधा आहे. प्रत्येक सांध्यावर रेघ तोडावी आणि टोक स्नॅप लावूनच पकडावे. वळचणीपासून 2000 मिलिमीटरवर या दांडीची उंची 666.67 येते. कोणी हाताने 667 टाकले, तर एकाच्या जागी दोन सांधे होऊ शकतात, आणि पडद्यावर ते सहज दिसणार नाहीत.

दुसरी चूक एककाची. जुन्या पद्धतीच्या डीएक्सएफमध्ये एकक लिहिलेलेच नसते. मिलिमीटरचे 12000 मीटर म्हणून वाचले गेले, तर चंद्रपुरात ठेवलेली कैची बल्लारपूरच्या वाटेवर बरीच पुढे पोचेल! गंमत अशी, की भार फक्त सांध्यांवर दिला असेल तर दांड्यांतील बले तीच येतात, कारण ती कोनांवर ठरतात. चूक उघडी पडते ती स्वतःचे वजन आणि वाक पाहिल्यावर. शिवाय ऑटोकॅडच्या त्रिमितीत झेड अक्ष वर धरतात, स्टाडमध्ये मुळात वाय. आयात करताना तो प्रश्न विचारला जातो, तेव्हा नीट उत्तर द्यावे.

फाईलमधून आधार, अँगलचे माप आणि भार येत नाहीत. ते आपणच भरायचे. त्यात वारा विसरू नये. आयएस 875 च्या तिसऱ्या भागात नागपूरसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला 44 मीटर दिला आहे. पत्र्याचे छप्पर हलके असते. वैशाखातील वादळ ते वर ओढते, तेव्हा एरवी ताणात असलेली खालची दांडी दाबात येऊन बाजूला वाकू शकते. बुद्ध जयंतीचा कार्यक्रम नेमका याच दिवसांत असतो आणि सभागृह तेव्हा भरलेले असते.

शेवटी कागदावर एक पडताळा करावा. कैच्यांमधील अंतर 4 मीटर असेल तर एका कैचीवर 48 चौरस मीटर छप्पर येते. चौरस मीटरला 1 किलोन्यूटन भार धरून दोन्ही आधारांवर 24-24 किलोन्यूटन यायला हवेत. स्वतःचे वजन दिले असेल तर तेवढे अधिक. तसे आले नाही, तर आधी रेघांची टोके तपासावीत, मग अँगलची मापे फॅब्रिकेटरकडे पाठवावीत.