करडईच्या तेलातील वसाम्ले : जनुक व हवामान

परभणी जिल्ह्याच्या पूर्णा तालुक्यातील ताडकळस परिसरासारख्या काळ्या, ओलावा धरून ठेवणाऱ्या जमिनीच्या प्रदेशात करडई हे रब्बी हंगामातील जुने पीक होय. सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबरात पेरलेल्या करडईचे दाणे जानेवारीच्या थंडीत भरतात. पेरणी लांबली तर तेच दाणे फेब्रुवारीच्या वाढत्या उन्हात भरावे लागतात. उशिराच्या पिकावर मावा अधिक पडतो व उताराही घटतो, हे सर्वपरिचित आहे. तेलाच्या घटनेवर मात्र या उष्णतेचा काय परिणाम होतो, या प्रश्नाचे उत्तर वाटते तितके सरळ नाही.

नेहमीच्या करडई तेलात लिनोलेइक अम्लाचे प्रमाण सुमारे ७० ते ८० टक्के असते, ओलेइक अम्ल १० ते १५ टक्क्यांच्या आसपास, आणि उरलेला भाग मुख्यतः पामिटिक व स्टिअरिक या संपृक्त अम्लांचा. ओलेइक अम्लात एक द्विबंध असतो. त्यात दुसरा द्विबंध घालून लिनोलेइक अम्ल तयार करणारे एंझाइम दाण्याच्या गर्भात कार्य करते. एंझाइम जोमाने चालले तर लिनोलेइक वाढते, अडले तर ओलेइक साचते. तेल किती लवकर खवट होईल, तळणीस टिकेल की नाही, रंगकामात सुकेल की नाही, हे सारे या एका पायरीवर अवलंबून असते.

इ. स. १९५७ मध्ये हॉरोविट्झ व विंटर यांनी भारतातून गेलेल्या एका करडईच्या बियाण्यात उलटेच प्रमाण असल्याचे प्रसिद्ध केले : ओलेइक भरपूर, लिनोलेइक अल्प. पुढे कॅलिफोर्निया विद्यापीठात नोल्स व हिल यांनी १९६४ मध्ये या गुणाची आनुवंशिकता उलगडली. एकाच स्थानावरील जनुकाची तीन वैकल्पिक रूपे त्यांना आढळली. पहिल्या रूपाच्या समयुग्मी दाण्यात नेहमीचे लिनोलेइक तेल, दुसऱ्याच्या समयुग्मी दाण्यात ७५ ते ८० टक्के ओलेइक, आणि तिसऱ्यात मध्यम, म्हणजे साधारण ३५ ते ५० टक्के ओलेइक. अलीकडच्या रेणवीय संशोधनात उच्च-ओलेइक रूपामागे वरील एंझाइमच्या जनुकातील बिघाड असल्याचे दिसून आले आहे.

आता हवामानाकडे वळू. १९६५ मध्ये कॅनव्हिन यांनी निरनिराळ्या तेलबिया १० ते २६.५ अंश सेल्सिअस या तापमानांत वाढवून पाहिल्या. सूर्यफूल, जवस व मोहरीवर्गीय पिकांत उष्णतेने अधिक असंपृक्त अम्ले घटली; करडईत मात्र लक्षणीय फरक पडला नाही. त्यावरून करडईचे तेल हवामानास दाद देत नाही असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो फसवा आहे. नेहमीचे व उच्च-ओलेइक हे दोन्ही प्रकार तापमानाने फारसे बदलत नाहीत हे खरे, परंतु मध्यम रूपाचा समयुग्मी प्रकार तापमानाने चांगलाच हलतो : थंडीत लिनोलेइककडे झुकतो, उष्णतेत ओलेइककडे. म्हणजे ‘हवामानाचा परिणाम किती?’ हा प्रश्न जनुकरूप सांगितल्यावाचून अर्थशून्य ठरतो. एकाच शेतात, एकाच दिवशी पेरलेल्या दोन वाणांना एकच ऊन दोन निराळी फळे देऊ शकते.

मक्याची कथा याहून गुंतागुंतीची आहे. मक्याच्या तेलात लिनोलेइक अम्ल ५५ ते ६० टक्के असते व तेलाचा मोठा भाग दाण्याच्या गर्भातच असतो. तेथे एक प्रभावी जनुक सुचविणारी निरीक्षणे १९६५ मध्ये प्रसिद्ध झाली. पुढील अभ्यासांत अनेक जनुकांचा सहभाग दिसला. करडईतील स्वच्छ विभाजन हे त्या दृष्टीने अपवादच म्हणावयास हवे, आणि म्हणूनच ती विद्यार्थ्याला जनुक व परिस्थिती यांची परस्परक्रिया शिकण्यास उत्तम उदाहरण ठरते.

परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने, ज्याची स्थापना १९७२ मध्ये झाली, परभणी कुसुमसारखे वाण दिले आहेत. या भागातील प्रचलित वाण मुख्यतः लिनोलेइक प्रकारात मोडतात. उच्च-ओलेइक वाण ताडकळससारख्या गावी पेरला, तर अडचण उन्हाची नव्हे, शेजाऱ्याची येते. दाण्यातील वसाम्लांचे प्रमाण मातृवृक्षाने नव्हे, तर त्या दाण्याच्या गर्भानेच ठरते. करडई बहुतांशी स्वपरागित असली तरी मधमाश्या परागकण इकडून तिकडे नेतातच. बांधापलीकडच्या साध्या करडईचा एक परागकण पुरे. संकरित दाण्यात लिनोलेइक पुन्हा वर येते, आणि तेलाचा दर्जा त्याच हंगामात उतरतो. पुढच्या पिढीची वाट पाहावी लागत नाही.

याच कारणाने बोंडातील दाणे एकत्र दळून काढलेली सरासरी दिशाभूल करते. चाळीस टक्के ओलेइक दाखविणारा नमुना खराच मध्यम जनुकरूपाचा असेल, किंवा दोन टोकांच्या दाण्यांचे मिश्रणही असू शकेल. पहिला प्रकार पेरणीच्या तारखेप्रमाणे बदलेल, दुसरा बदलणार नाही. हा भेद ओळखण्यासाठी एकेका दाण्याचा दलिकेचा छोटा तुकडा कापून त्याची वसाम्ले तपासावयाची व गर्भाक्षासह उरलेला भाग पेरावयाचा, हीच पद्धत येथे उपयोगी पडते.